तोंडातलं नाव, तिकिटावरचं नाव

भिवंडीत वंजारपट्टी नाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कामवारी नदी येते, नदीनाका येतो आणि आमचं शेलार लागतं. रस्त्यालगत माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, आधार-पॅनचे फॉर्म, वीजबिलं आणि रीतसर परवान्यावर रेल्वेची आरक्षणं. आजूबाजूला यंत्रमागाचे कारखाने, सायझिंग, डाइंग आणि अलीकडे जिकडे पाहावं तिकडे गोदामं. तिथे राबणारी माणसं मऊ, गोरखपूर, बलिया, निजामाबाद, करीमनगर अशा कुठून कुठून आलेली. ईद, छठ, दसरा, बहिणीचं लग्न, आईचं आजारपण, निमित्त काहीही असो, ती माझ्यासमोर येऊन एखाद्या स्टेशनाचं नाव घेतात आणि ते बहुतेकदा तिकिटावर छापून येणाऱ्या नावापेक्षा वेगळं असतं.

यात सगळ्यात जास्त नावं एकाच ठिकाणाची ऐकू येतात. मुंबईतलं ते घुमटाचं मोठं दगडी स्टेशन. बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी, आणि नुसतंच ‘मुंबई’ म्हणणारेही आहेत. या नावांच्या मध्ये बसून काम करताना जे उमगत गेलं ते लिहिते आहे.

१. माणसाला आधी ‘कुठे जायचंय’ विचारावं, नाव नंतर दुरुस्त करावं.

सायझिंगमधले एक चाचा काउंटरवर येऊन ‘वीटी से बनारस’ म्हणतात. मागे रांगेत उभा असलेला एखादा कॉलेजचा मुलगा लगेच म्हणतो, ‘चाचा, आता व्हीटी नाही, सीएसएमटी.’ चाचा गप्प होतात, आणि मग पुढचं नीट सांगतच नाहीत. खरं तर त्यांना विचारायला हवं असतं ते एवढंच, की गाडी कुठे पकडणार. भिवंडीच्या माणसाला बनारसला जायचं तर महानगरी एक्स्प्रेस कल्याणलाही मिळते. गाठोडी, मुलं, पाण्याचे कॅन घेऊन लोकलने मुंबईपर्यंत उलट जायचं आणि त्याच गाडीने पुन्हा कल्याणवरून जायचं, यात दिवस मोडतो. म्हणून मी चढण्याचं स्टेशन कल्याण टाकते आणि तसं बजावून सांगते, कारण तिकिटावर एक स्टेशन आणि चढायचं दुसऱ्याच, असं केलं तर जागा हातची जाण्याची भीती असते. चाचांच्या तोंडातलं ‘वीटी’ म्हणजे ‘मुंबईतून सुटणारी गाडी’ एवढंच होतं. ते कळायला आधी ऐकून घ्यावं लागतं.

मग तिकीट हातात देताना मी त्यावरचं नाव मोठ्याने वाचून दाखवते. त्या वेळी कुणालाही वाईट वाटत नाही.

२. नाव वयावर ठरत नाही, वाट कुणी दाखवली त्यावर ठरतं.

लोकांना वाटतं, म्हातारे बोरीबंदर म्हणतात, मधले व्हीटी, तरुण सीएसटी आणि शाळेतली मुलं सीएसएमटी. गिरगाव-दादरला असेलही तसं. शेलारला तसं नाही. गेल्याच वर्षी मऊहून आलेला, मिसरूडही न फुटलेला मुलगा माझ्याकडे ‘वीटी’ म्हणतो, कारण त्याला गावातून निघताना त्याच्या मामूने वाट सांगितली, आणि मामूला ती त्याच्या वडिलांनी सांगितली होती. तो मुलगा जन्मला तेव्हा त्या स्टेशनाचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली होती. उलट आमच्या शेजारच्या आजी, ज्यांनी सगळी हयात या पट्ट्यात काढली, त्या स्वच्छ ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ म्हणतात. त्यांचा नातू मध्य रेल्वेत आहे आणि त्याच्या तोंडून ऐकून त्यांनी ते उचललं.

म्हणून कुणी जुनं नाव घेतलं की त्याला अडाणी किंवा हट्टी समजू नये. त्याच्यामागे वाट दाखवणारं एखादं माणूस असतं.

३. जुनं नावही कधीतरी सरकारीच होतं, हे माहीत असावं.

काउंटरवर वाद रंगतात तेव्हा मी हे सांगते, आणि लोक लक्ष देऊन ऐकतात. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी पहिली प्रवासी आगगाडी सुटली ती बोरीबंदरहून ठाण्याला. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि निघताना २१ तोफांची सलामी. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने ती गाडी सोडली, तिच्या उभारणीत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई या दोघांचा हात होता. बोरीबंदर हे नाव मात्र यांच्यापैकी कुणी ठेवलेलं नव्हतं. ते तिथल्या धक्क्याचं नाव होतं, लोकांच्या तोंडी आधीपासून असलेलं. रेल्वेने ते घेतलं, एवढंच.

पुढे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने मोठी इमारत आखली. १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. दगडातली पानंफुलं, पक्षी, माकडं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात होते. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव होता, म्हणून स्टेशनाला व्हिक्टोरिया टर्मिनस असं नाव मिळालं. ज्या राणीने आयुष्यात कधी हिंदुस्थानात पाऊल टाकलं नाही तिचं नाव, वरून आलेलं. तेव्हाच्या मुंबईकरांनी ते सरळ स्वीकारलं असं मला वाटत नाही. बोरीबंदर पुढे कितीतरी पिढ्या चालू राहिलं, आमच्या आजोबांच्या बोलण्यातही तेच होतं.

आणि जेव्हा लोकांनी ते स्वीकारलं तेव्हा त्याची दोन अक्षरं केली. व्हीटी म्हणणाऱ्या माणसाच्या मनात राणी नसते, कधीच नव्हती. त्याच्या मनात असतं ते घड्याळ, फलाटांची रांग, वडापावचा वास, लोकल सुटायची घाई. स्वातंत्र्यानंतर घड्याळाखालच्या कोनाड्यातून राणीचा पुतळाही गेला. ‘व्हीटी’मधून राणी त्याच्याही आधी निघून गेली होती. म्हणून कुणी व्हीटी म्हणालं की तो गुलामगिरी जपतोय, असा आरोप मी ऐकून घेत नाही. एका शिक्षकांनी तो माझ्या दुकानात केला होता. मी त्यांना म्हटलं, ‘सर, हे दादा मागावर बारा-बारा तास उभे असतात. राणी कोण, हे त्यांना विचारून बघा.’ सरांनी विचारलं नाही, पण हसून खुर्चीवर बसले आणि मग आमचं छान बोलणं झालं.

४. मोठं नाव आद्याक्षरांत गेलं की ज्याचा मान करायचा तोच हरवतो.

हे मला मनापासून लागतं. मार्च १९९६ मध्ये, सुरेश कलमाडी रेल्वेचं खातं सांभाळत असताना, व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. मला त्याचा आनंदच आहे. महाराजांचा आणि आमच्या मुलुखाचा संबंध पुस्तकातला नाही. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि या खाडीकाठच्या पट्ट्यातून मराठी आरमाराची सुरुवात झाली. कोकणातून येणारी, भिवंडी-कल्याणहून निघालेली माणसं ज्या दारातून मुंबईत शिरतात, त्या दाराला त्यांचं नाव असावं, यात मला काही खटकत नाही.

पण झालं काय? वर्षभरातच ते सीएसटी झालं. मग लोकांच्या लक्षात आलं की नुसतं ‘शिवाजी’ म्हणणं उणं आहे, ‘महाराज’ हवंच. राज्याच्या विधिमंडळात ठराव झाला, केंद्राकडून मंजुरी आली, आणि २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे नाव लागलं. आणि बोलण्यात काय झालं? सीएसटीचं सीएसएमटी. ज्या एका शब्दासाठी एवढी धडपड, तो ‘महाराज’ शब्द एका ‘एम’मध्ये जाऊन बसला. रेल्वेच्या यंत्रात तर सीएसटीएमचं सीएसएमटी झालं, म्हणजे दोन अक्षरांनी जागा बदलली. उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला ती चार अक्षरं ऐकून कुणाचंही नाव आठवत नाही. त्याला वाटतं, ते एखाद्या कंपनीचं नाव असावं.

मी कुणाला दोष देत नाही. धावपळीत कोण एवढं लांब नाव घेणार? पण तिकीट वाचून दाखवताना मी आद्याक्षरं वापरत नाही. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, रात्री अमुक वाजता, डबा एस-चार.’ दिवसातून कितीही वेळा. मला त्याने काही जड होत नाही, आणि समोरच्या माणसाला निदान एकदा तरी ते नाव पूर्ण ऐकायला मिळतं. लोकलमधली उद्घोषणा हेच करते, आणि शिवाजी महाराजांचं नाव पूर्ण ऐकायला मिळतं असं रोजच्या प्रवासातलं ते बहुधा एकच ठिकाण उरलं आहे.

५. जे नाव आधीच लोकांत होतं, ते रुजतं.

एल्फिन्स्टन रोडचं जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. तिथे कामाला जाणारी माझ्या ओळखीची मुलं आता बिनदिक्कत प्रभादेवी म्हणतात. त्याआधीच्या सप्टेंबरात तिथल्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, त्यामुळे जुनं नाव घेताना लोकांना ती सकाळ आठवते, हेही एक कारण असेल. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. प्रभादेवी ही तिथली देवी, तिचं देऊळ तिथेच, वस्तीचं नाव तेच, बसवर तेच. रेल्वेने फक्त पाटी बदलली.

याउलट क्रॉफर्ड मार्केटला महात्मा जोतिबा फुले मंडई असं नाव आहे. जोतिबांइतकं मोठं नाव मंडईला दुसरं कोणतं मिळणार? तरी टॅक्सीवाल्याला ते सांगितलं तर तो पुन्हा विचारतो. फ्लोरा फाउंटनचं हुतात्मा चौक मात्र टिकलं, कारण तिथे संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गोळ्या झेलून पडली होती. त्या नावाला १०६ जणांचं रक्त लागलेलं आहे, ते कुणी वरून चिकटवलेलं नाही. आणि भाऊचा धक्का तर उलट्या दिशेने चालला. कागदावर फेरी व्हार्फ, आणि मुंबईत एकही कोळीण त्याला फेरी व्हार्फ म्हणताना ऐकली नाही. ज्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्यांना लोक ‘भाऊ’ म्हणत, त्यांचं पूर्ण नावही आता थोड्यांनाच माहीत आहे, पण ‘भाऊ’ टिकला. चार-पाच अक्षरांचं, हाक मारावं तसं नाव असलं की त्याला आद्याक्षरांची गरजच पडत नाही.

म्हणून मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या स्टेशनांची नवी नावं मंजूर केली तेव्हा मी यादी उत्सुकतेने वाचली. करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. ही सगळी नावं लोक आजही घेतात. पाटी बदलली की ती एका रात्रीत रुळतील, असं मी छातीवर हात ठेवून सांगते. मुंबई सेंट्रलला नाना जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव द्यायचं ठरलं आहे. नाना त्या मानाला सर्वांपेक्षा पात्र आहेत, आणि म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे की बोलताना त्याला ‘नाना शंकरशेट’ म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. नाहीतर त्यांचंही चार अक्षरांत विसर्जन होईल.

६. कुर्ला आणि कुर्ला टर्मिनस ही दोन ठिकाणं आहेत, हे प्रत्येक वेळी सांगावं.

कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. गोदान, कामायनी, काशी या आमच्या भागातल्या लोकांच्या गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटतात. सगळे त्याला ‘कुर्ला’ म्हणतात. लोकलने कुर्ल्याला उतरलेलं कुटुंब फलाटावर आपली गाडी शोधत बसतं, आणि गाडी असते पलीकडे, रिक्षाने जायच्या अंतरावर. हार्बरच्या टिळक नगरला उतरलं तर टर्मिनस जवळ पडतं, पण ते नाव कुणाच्या ध्यानात राहत नाही. सामान जास्त असेल तर मी सरळ कल्याणहून चढायला सांगते. आणि तिकिटाच्या मागे पेनाने लिहिते: ‘लोकमान्य टिळक टर्मिनस, म्हणजे तुमचं कुर्ला, पण लोकलचं कुर्ला नव्हे.’

७. गावाकडची नावंही बदलली आहेत.

हे थोडक्यात. मुगलसरायचं २०१८ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं, अलाहाबाद जंक्शनचं २०२० मध्ये प्रयागराज जंक्शन. ‘मुगलसराय’ म्हणणाऱ्याला तिकिटावर डीडीयू ही अक्षरं दिसली की तो घाबरतो, तिकीट चुकलं म्हणून परत येतो. त्याला नीट समजावून सांगावं. उतरल्यावर तिथला हमाल, चहावाला, रिक्षावाला अजूनही मुगलसरायच म्हणणार आहे.

८. आपल्या दारातली नावं आधी बघावीत.

आमच्या शहराच्या महापालिकेचं पूर्ण नाव भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका. पाणीपट्टीच्या पावतीवर निजामपूर येतं, बोलण्यात ते येत नाही. शेअर रिक्षात शेलारला येणारा ‘शेलार’ म्हणत नाही, ‘नदीनाका’ म्हणतो, आणि ‘शेलार’ म्हणालं तर रिक्षावाला ‘नदीनाक्याच्या अलीकडे की पलीकडे’ असं विचारतो. आमचं रेल्वे स्टेशन म्हणजे दिवा-वसई मार्गावरचं भिवंडी रोड. गावाच्या नावाला ‘रोड’ लावलं की समजावं, स्टेशन गावापासून लांब आहे, आणि आमचंही तसंच आहे, पार अंजूरफाट्याकडे. नवीन माणसाला ‘भिवंडी रोड’ म्हटलं तर तो भिवंडीतला एखादा रस्ता शोधतो, ‘अंजूरफाटा’ म्हटलं की बरोबर पोचतो. गाड्या मोजक्या असल्याने प्रवासी त्याला फारसं ओळखत नाहीत. पार्सलच्या गाड्या तिथून सुटू लागल्यापासून गोदामवाल्यांच्या तोंडी मात्र ते नाव सतत असतं. माल पाठवणाऱ्यांना कागदावरचं नाव लागतं, माणसं पाठवणाऱ्यांना तोंडातलं.

९. संकटात जे नाव तोंडात येतं, त्यावर कुणाचा हक्क सांगू नये.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री टीव्हीवर सारखं ‘सीएसटी, सीएसटी’ चाललं होतं. आमच्या वस्तीत त्या वेळी लोकांना मुंबईहून परतायला उशीर व्हायचा. सगळे एकमेकांना एकच विचारत होते, ‘व्हीटीला कोण आहे आपलं?’ कुणी तेव्हा नाव दुरुस्त केलं नाही. ज्यांना सीएसटी म्हणायची सवय होती तेही त्या रात्री व्हीटीच म्हणाले. जिवाला घोर लागला की माणूस लहानपणी शिकलेलं नाव घेतो.

त्या रात्री स्टेशनात उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून न हलता माइकवरून लोकांना सांगत राहिले की कुठून बाहेर पडा, कुठे येऊ नका. समोर गोळीबार चालू असताना त्यांनी किती माणसं वाचवली याची मोजदाद होणार नाही. लोकलमधून उतरणाऱ्या माणसाच्या कानावर जे पडायला हवं होतं ते पडलं. पुढे एकदा मुंबईला गेले तेव्हा फलाटावर उभी राहून मी एक उद्घोषणा मुद्दाम शेवटपर्यंत ऐकली होती. साधीच, गाडी किती वाजता आणि कुठल्या फलाटावर, एवढीच. तेव्हापासून रेल्वेच्या कुठल्याही उद्घोषकाचा आवाज मला परका वाटत नाही.

१०. दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

युनेस्कोने २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतली तेव्हा नव्या नावाबरोबर ‘पूर्वीचं व्हिक्टोरिया टर्मिनस’ असंही लिहिलं. मला ते रास्त वाटतं. जगातून बघायला येणाऱ्या माणसाच्या पुस्तकात जुनं नाव असू शकतं, त्याला वाट चुकायला नको.

माझ्या काउंटरच्या काचेवरही तसाच एक कागद चिकटवलेला आहे, मराठी आणि हिंदीत. डाव्या रकान्यात लोक काय म्हणतात ते, उजव्या रकान्यात तिकिटावर काय येतं ते. व्हीटी, बोरीबंदर, सीएसटी या तिन्हींपुढे एकच पूर्ण नाव. कुर्ला, मुगलसराय, अलाहाबाद, एल्फिन्स्टन यांच्यापुढे त्यांची त्यांची. लोक रांगेत उभे असताना ते वाचतात, एकमेकांना वाचून दाखवतात, आणि वाचता न येणाऱ्याला शेजारचा सांगतो. मध्यंतरी निजामाबादकडच्या एका ताईंनी बघून सांगितलं की औरंगाबादपुढे छत्रपती संभाजीनगर लिहा, आम्ही देवगिरीने तिथूनच जातो. ते लिहून टाकलं. आता लालबाग, गिरगाव, डोंगरी, माझगाव, काळाचौकी यांच्यासाठी खाली जागा ठेवली आहे. पाट्या बदलतील तेव्हा या ओळींमध्ये डावा रकाना उजवीकडे जाईल, आणि करी रोड, चर्नी रोड, सँडहर्स्ट रोड डावीकडे येतील.